पाणीदार खडे, कोरडा जिल्हा

जवाहिऱ्यांच्या भाषेत ‘पाणी’ म्हणजे तेज. मोत्याचे पाणी, हिऱ्याचे पाणी असे म्हणताना तहानेची आठवण कोणाला होत नाही. नगर जिल्ह्यात मात्र ती व्हावी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेला हा प्रदेश. अकोले तालुक्यातील घाटमाथा सोडला तर पाऊस येथे मोजूनमापून पडतो, आणि पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या बाजूला टँकरची वाट पाहणारी गावे दर काही वर्षांनी पुन्हा दिसू लागतात. अशा या कोरड्या भूमीच्या पोटात जे रंगीत स्फटिक निपजले, ते अक्षरशः पाणी धरून बसलेले आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले. रस थिजला, बुडबुडे विरले, पोकळ्या उरल्या. पुढे दीर्घकाळ खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने या पोकळ्यांच्या भिंतींवर आपला ऐवज साठवला. कोठे अकीक, कोठे गारगोटी, कोठे दुधी रंगाचा साधा ओपल, तर कोठे झिओलाइट वर्गातील नाजूक स्फटिक. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड ज्योतीवर तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे झिओलाइट हे ग्रीक नाव त्याने ठेवले. स्टिल्बाइट हा याच कुळातला. अ‍ॅपोफिलाइट हे त्याचे सख्खे नव्हे, पण चुलत म्हणावे असे भावंड. तापवले की त्यातील पाणी निघून जाते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ओपल तर सिलिका आणि पाणी या दोघांचाच संसार आहे. त्याच्या वजनात साधारण तीन ते दहा टक्के पाणी असते, काही खड्यांत त्याहूनही अधिक.

या पाण्याचा आणि नगरच्या पेढीवरील पतीचा संबंध कसा येतो, हे पाहण्यासाठी आधी शहरात शिरावे लागते.

१४९० मध्ये मलिक अहमदने वसवलेले हे शहर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ते अजूनही ‘नगर’च आहे. कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार, गंज बाजार अशा एकमेकांना खेटून असलेल्या पेठांमध्ये सराफ बाजाराची गल्ली आहे. मारवाडातून आलेल्या ओसवाल घराण्यांनी या भागात कापड, धान्य, सावकारी आणि सोने-चांदी या चार खांबांवर आपले व्यवहार उभे केले. त्या इतिहासात अभिमानाची पाने आहेत, तशी बोचरीही आहेत. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तेव्हा पारनेर आणि श्रीगोंद्याची गावेही त्यात होती. कागदावर काय लिहिले आहे हे समोरच्या माणसाला वाचता येत नसेल, तर कागद लिहिणाऱ्यावर किती जबाबदारी येते, हे त्या धुराने सांगितले होते. रंगीत खड्यांच्या व्यापारात आज नेमकी तीच स्थिती आहे, फक्त कागदाच्या जागी खडा आला आहे.

सोन्याबाबत ग्राहक आता पुरेसा सावध झाला आहे. जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले; दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. खेड्यातून आलेली आजीबाईसुद्धा नातवाला सांगून तो क्रमांक पाहून घेते. पण त्याच अंगठीत बसवलेल्या खड्याविषयी ही खूण एक अक्षर बोलत नाही. कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने तर या सक्तीतूनच वगळलेले आहेत. सोने सरकारच्या शिक्क्यावर विकले जाते, खडा मात्र अजून शेठच्या शब्दावर विकला जातो.

गेल्या काही वर्षांत या गल्लीत ओपलची विचारणा वाढली आहे. त्याचे कारण रत्नशास्त्राहून अधिक खिशात आहे. शुक्राचे रत्न हिरा. तो परवडत नाही, तेव्हा ज्योतिषी उपरत्न म्हणून ओपल सुचवतो. पारंपरिक नवरत्नांत ओपल नाही, हे फारसे कोणी विचारात घेत नाही. लग्न जुळत नाही, दुकान चालत नाही, घरात कुरबुरी आहेत, अशा एखाद्या काळजीने आलेली बाई कागदाची चिठ्ठी पुढे करते. “शेठ, सव्वापाच रत्तीचा ओपल लिहून दिलाय. खरा असेल तोच द्या बरं का.” पुडी उघडली जाते. निळ्या कागदावर दुधी खडे, आत हिरव्या-तांबड्या ठिणग्या. ती एकेक खडा उलटून पाहते, पण तिला दिसतात त्या फक्त ठिणग्या. पाहायचे काय, हे तिला ठाऊक नसते. अडचणीची गोष्ट अशी की पुडी उघडणाऱ्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. तीन पिढ्या सोन्याचा कस डोळ्यांनी ओळखणारा सराफ ओपलच्या बाबतीत मुंबईच्या किंवा जयपूरच्या दलालाने सांगितले तेच पुढे सांगतो. फसवण्याचा हेतू त्यात नसेलही. माहिती नसताना दिलेली हमी मात्र असते.

‘सव्वापाच रत्ती’ या शब्दातही घोटाळा दडलेला आहे. सुनारी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची. रत्नांच्या बाजारात चालणारी ‘पक्की’ रत्ती त्याहून बरीच जड. कॅरेट मात्र जगभर एकच, २०० मिलिग्रॅमचा. चिठ्ठीत कोणती रत्ती अभिप्रेत आहे, हे विचारणारा ग्राहक विरळा, आणि बिलावर कॅरेट लिहिणारा सराफही अजून सर्वत्र आढळत नाही.

शहरातून मनमाड रस्त्याने उत्तरेला निघाले की एमआयडीसी मागे पडते, विळदचा घाट उतरतो आणि राहुरीचा उसाचा मुलूख सुरू होतो. मुळा धरणाच्या पाण्याने ही काळी जमीन हिरवी केली. कृषी विद्यापीठाची लांबलचक कुंपणे, उसाच्या बैलगाड्या, गुऱ्हाळांचा धूर. या हिरवाईखाली तोच काळा बेसाल्ट आहे. राहुरीजवळचे मोमीन आखाडा हे नाव नगरच्या सराफ बाजारात विचारले तर बहुतेकांच्या कपाळावर आठी येईल. अमेरिकेतील किंवा जर्मनीतील खनिजसंग्राहकाला मात्र ते नाव चांगले परिचित आहे. या शतकाच्या आरंभी येथून हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे असे गुच्छ निघाले की जणू स्फटिकांची टोके चहूबाजूंनी फुटलेले चेंडूच. परदेशी व्यापाऱ्यांनी त्यांना ‘डिस्को बॉल’ असे काहीसे उडते नाव दिले, आणि ते बाजारात रुळले. हा हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला गडद निळा कॅव्हन्साइटही व्हॅनेडियमचेच देणे.

हे स्फटिक अंगठीत बसत नाहीत. अ‍ॅपोफिलाइटचा कठीणपणा साडेचार-पाच, स्टिल्बाइटचा त्याहून कमी. चाकूच्या टोकाने ओरखडा उठेल इतके ते मऊ. म्हणून त्यांची किंमत कॅरेटवर होत नाही. टोक अखंड आहे का, रंग कसा आहे, काळ्या दगडाच्या बैठकीवर ते कसे बसले आहेत, यावर ती ठरते. पैलू पाडला की मोल जाते, आणि न पाडता जसाच्या तसा ठेवला की राहते. सराफाच्या सवयीच्या अगदी उलट असा हा माल आहे.

त्याचा प्रवासही उलटा. विहीर खणताना किंवा खडीसाठी सुरुंग उडवताना पोकळी उघडी पडते. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या माणसाला सुरुंगाच्या आवाजावरून आत पोकळ आहे की भरीव, हे कळते असे म्हणतात. नवल वाटण्याचे कारण नाही. तो स्फटिकांचा तुकडा पहारीने हळूच सुटा करतो, वर्तमानपत्रात, चिंध्यांत, कधी भुश्यात गुंडाळतो. गावापर्यंत येणारा दलाल तो नेतो. पुढे पुणे, नाशिक, जळगाव किंवा मुंबईचा निर्यातदार तो स्वच्छ करतो, आणि वर्षाच्या आरंभी अमेरिकेतील टुसॉन शहरात भरणाऱ्या खनिजांच्या जत्रेत तो काचेच्या कपाटात दिव्याखाली उभा राहतो. वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही, तर तोच तुकडा क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते. राहुरी-नेवासे परिसरातील किती रस्त्यांच्या पोटात असे हिरवे स्फटिक दडपले गेले असतील, याचा हिशेब कोणापाशी नाही.

श्रावकाला येथे थांबून विचार करावा लागतो. जमीन फोडण्याचा धंदा हा स्फोटकर्म म्हणून पंधरा कर्मादानांत गणला गेला आहे, आणि जुन्या घरांतील वडीलधारी मंडळी खाणीच्या भागीदारीला आजही नकार देतात. तो नकार समजण्यासारखा आहे. पण रस्त्यासाठी खाण तर चालूच आहे. तिच्यातून बाहेर पडणारा आणि एरवी चुरा होणारा स्फटिक वाचवून विकणे याला काय म्हणावे, हा प्रश्न स्थानकाच्या ओसरीवर चर्चिला जाण्याजोगा आहे. त्याहून सोपा, पण व्यवहारात अधिक टाळला जाणारा प्रश्न मालाच्या मूळ मालकीचा आहे. फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने अकीक, जास्पर, क्वार्ट्झ, कॅल्साइट यांसह ३१ खनिजे गौण खनिजांच्या यादीत आली आणि त्यांचा कारभार राज्याकडे गेला. खाणपट्टेदार तहसिलीत स्वामित्वधन भरतो ते दगडाच्या ब्रासवर. मजुराने डब्यात घालून संध्याकाळी बाहेर नेलेला स्फटिक कोणाचा, हे कोणी विचारत नाही, आणि विकत घेणारा तर मुळीच विचारत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, हा एक आहे. पट्टेदाराशी लेखी करार, मजुराला ठरलेला वाटा आणि पक्की पावती, एवढ्याने हा धंदा स्वच्छ होऊ शकतो. तसे झाले तर निर्यातीची कागदपत्रेही आपोआप सरळ होतात, कारण परदेशी ग्राहक आता नमुन्यासोबत नेमके ठिकाण मागतो. नुसते ‘इंडिया’ लिहिलेल्या स्फटिकापेक्षा ‘मोमीन आखाडा, राहुरी’ असे खात्रीने लिहिलेल्या स्फटिकाला मान अधिक मिळतो. गावाचे नाव हेच येथे मोल आहे, आणि ते नाव खरे लिहिण्याची सोय सर्वांत अधिक नगरच्याच माणसाकडे आहे.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात हे ओळखले गेले. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय उभारले. नौदलातून आलेल्या माणसाने दख्खनच्या पोकळ्यांतील हा ऐवज गोळा करून काचेमागे मांडला. शिर्डीला जाणारी कुटुंबे वाट वाकडी करून तेथे थांबतात आणि आपल्या पायाखालचा दगड तिकीट काढून पाहतात. शिर्डी नगर जिल्ह्यात, राहुरी नगर जिल्ह्यात, आणि संग्रहालय सिन्नरला! यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पण सुट्टीत मुलांना घेऊन तेथे जावे आणि लेबलांवरील गावांची नावे त्यांना मोठ्याने वाचायला सांगावीत.

राहुरीहून पुन्हा ओपलकडे वळताना एक जुना वाद आठवतो. ‘ओपल’ हा शब्द बहुधा संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड या शब्दावरून ग्रीक-लॅटिनमार्गे गेला. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने ओपलची जननी एकटी हिंदभूमीच असल्याचे लिहून ठेवले. आधुनिक विद्वानांना हे पटत नाही. रोमन लोकांचे ओपल आजच्या स्लोव्हाकियातील डोंगरांतून जात असावेत आणि व्यापाऱ्यांनी खाण लपवण्यासाठी पूर्वेचे नाव पुढे केले असावे, असे त्यांचे म्हणणे. दख्खनच्या पोकळ्यांत ओपल आहे, पण तो बहुतेक साधा, रंगांचा खेळ नसलेला. रंगांचा खेळ दिसण्यासाठी सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल एकाच आकाराचे आणि ओळीने रचलेले असावे लागतात. ही रचना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसली. प्लिनीचे दुसरे विधान अधिक झोंबणारे आहे. काचेतून इतकी बेमालूम नक्कल भारतात दुसऱ्या कोणत्याच रत्नाची होत नाही, असे त्याने म्हटले, आणि खरे-खोटे ओळखायला खडा उन्हात धरून पाहण्याची युक्तीही दिली. दोन हजार वर्षे झाली, तक्रार तीच आहे.

आज नगरच्या पुडीत येणारा ओपल मुख्यतः दोन ठिकाणचा. ऑस्ट्रेलियाचा महाग आणि कमी. इथिओपियाच्या वोलो प्रांतात २००८ मध्ये नवा साठा सापडला, आणि त्या कच्च्या मालाचा मोठा भाग जयपूरला पैलूसाठी येऊ लागला. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या त्या शहराच्या जोहरी बाजारात श्रीमाळ आणि ओसवाल जैन घराणी पिढ्यान्‌पिढ्या पन्ना घडवत आली. इथिओपियाचा ओपल हे तेथील कारागिरांचे नवे काम. या खड्याचा एक स्वभाव मात्र ग्राहकाला सांगितलाच पाहिजे. तो पाणी पितो. भांडी घासताना किंवा अंघोळीत अंगठी ओली झाली की काही वेळाने खडा काचेसारखा पारदर्शक होतो आणि ठिणग्या मावळतात; वाळला की बहुधा पूर्ववत होतो. हळदीचे, मेंदीचे, तेलाचे पाणी प्यायला तर डाग राहू शकतो. हे आधी न सांगता विकलेला अस्सल खडाही आठवड्याने “शेठ, तुम्ही नकली दिलात” म्हणून परत येतो. उलट, नगरच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने आणि गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवल्याने ओपलला तडे जाण्याची भीती असते. कठीणपणा साडेपाच ते साडेसहा. हवेतील धुळीत असलेले क्वार्ट्झचे कण सातचे. रोज घातलेली ओपलची अंगठी या धुळीच्या शहरात काही वर्षांत मंद पडते, यात नवल नाही.

आणि नकली? १९७४ मध्ये फ्रान्समध्ये गिल्सन यांनी कृत्रिम ओपल बाजारात आणला. रचनेने तो खऱ्याच्या जवळ, पण भिंगाखाली त्याचे रंगीत ठिपके सरड्याच्या कातडीसारखे जाळीदार दिसतात आणि बाजूने पाहिल्यास उभे खांब उभारल्यासारखे. ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या पाठीवर चिकटवलेला ‘डब्लेट’, त्यावर स्फटिकाची टोपी घातलेला ‘ट्रिपलेट’, धुराने काळा केलेला इथिओपियन खडा, राळ भरलेला खडा, आणि ‘ओपलाइट’ या गोड नावाने विकली जाणारी निव्वळ काच. यांतला प्रत्येक माल स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने विकला तर त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याच्या नावाने विकला, की तो ‘प्रतिरूपक व्यवहार’. अस्सल दाखवून त्यासारखे दिसणारे देणे, हा दोष शास्त्रकारांनी खोट्या मापतोलाच्या शेजारीच बसवला आहे. रत्नांचा व्यापार त्यांना चांगला परिचित असणार. उत्तराध्ययन सूत्राच्या शेवटच्या अध्ययनात पृथ्वीकायाचे प्रकार सांगताना गोमेद, स्फटिक, मरकत, इंद्रनील, वैडूर्य अशी मण्यांची मोठी नामावळीच येते.

सराफाने काय करावे, याची उत्तरे फार महाग नाहीत. दहापट भिंग प्रत्येक गल्ल्यात असते. ते वापरण्याची सवय नसते. अपवर्तनमापक हे टेबलावर मावणारे साधन ओपल (सुमारे १.४५), साधी काच (बहुधा १.५ च्या आसपास किंवा वर) आणि क्वार्ट्झ (सुमारे १.५५) यांतला फरक मिनिटभरात दाखवते. खडा हवेत आणि पाण्यात तोलून विशिष्ट घनता काढणे हे तर सोन्याच्या काट्यावरच होऊ शकते: ओपलची सुमारे दोन, काचेची बहुधा अडीचच्या आसपास. फक्त पाणी पिणारा इथिओपियन खडा पाण्यात बुडवून तोलू नये. महागड्या मालासाठी जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहे. ती १९७२ मध्ये सुरू झाली आणि देशातील या प्रकारची पहिली मानली जाते. खरी अडचण स्वस्त मालाची आहे. काही हजारांच्या खड्यावर प्रमाणपत्राचा खर्च चढवला तर ग्राहक उठून जातो, आणि नेमका हाच माल सर्वांत जास्त विकला जातो. पाच-सात पेढ्यांनी मिळून साधने घेतली, आणि एखाद्या घरातील मुलीला किंवा सुनेला मुंबईला रत्नशास्त्राचा अभ्यासक्रम करायला पाठवले, तर सराफ बाजाराला स्वतःची परीक्षक मिळेल. मुलगे सध्या चार्टर्ड अकाउंटंट होत आहेत. त्यांना गल्ल्यावर परत आणण्यापेक्षा हे सोपे दिसते.

नगरहून दुसरा रस्ता संभाजीनगरकडे जातो. इमामपूरचा घाट, पांढरीचा पूल, मग घोडेगाव. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्याची रीत जुनी लोक सांगतात. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये याने हिऱ्यांच्या भारतीय व्यापाऱ्यांना असेच कापडाखाली, एक शब्द न बोलता सौदा करताना पाहिले होते. बैल असो की हिरा, बाजूच्या माणसाला भाव कळू नये, एवढाच त्यातला मुद्दा. मालाचा गुण लपवण्यासाठी ते कापड नव्हते. बैलाचे दात दोघेही उजेडात मोजत.

पुढे नेवासे. ज्ञानेश्वरीच्या नात्याने हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी प्रवरेकाठच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा थरांमागून थर उलगडत गेले: अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगातील घरे, सातवाहन काळातील वस्ती, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. या सर्व थरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. अकीक, जास्पर, कॅल्सेडनी. आदिमानवाने त्यांची हत्यारे केली, नंतरच्यांनी मणी केले. ज्या पोकळ्यांत राहुरीचा स्फटिक घडला, तशाच पोकळ्यांतला हा दगड. पण कठीणपणा सातचा, म्हणून भोक पाडलेला मणी दोन हजार वर्षे मातीत राहूनही झिजला नाही.

पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वहीत, ‘पेरिप्लस’ या ग्रंथात, पैठणहून अकिकासारखे दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेले जात, अशी नोंद आहे. पैठण नेवाशापासून फार दूर नाही. त्या गाड्यांच्या वाटेवर नगर जिल्ह्याचा काही भाग असेल, असे मानायला हरकत नसावी. पुढे हा व्यापार गुजरातेत स्थिरावला. खंभातचे कारागीर पिवळसर-करडा अकीक उन्हात वाळवून, मडक्यात घालून, गोवऱ्यांच्या आचेवर तापवतात. त्यातले लोह लाल होते आणि दगडाला कार्नेलियनचा रंग चढतो. हीसुद्धा रंगप्रक्रियाच. पण ती सर्वांना ठाऊक आहे, कोणी लपवत नाही, म्हणून तिच्यावर शेकडो वर्षे व्यापार चालला. नीलमाला दिलेली आच किंवा पन्न्याला लावलेले तेल बाजाराने असेच मान्य केले आहे. शिसेयुक्त काच भरलेला माणिक ‘माणिक’ म्हणून देणे बाजाराला जड जात आहे, कारण तेथे सांगणे राहून जाते.

चौदाव्या शतकात दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात आणि टांकसाळीत काम करणारा एक जैन अधिकारी होता, ठक्कुर फेरू. १३१५ मध्ये त्याने प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ हा रत्नपरीक्षेचा ग्रंथ रचला, आपल्या मुलासाठी. रत्ने कोठे मिळतात, त्यांचे दोष कोणते, वजन आणि भाव यांचे गणित काय, हे सारे त्यात आहे. सुलतानाचा खजिना डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला आपल्या मुलाच्या हाती द्यावेसे वाटले ते ज्ञान.

अलीकडे धंदा अवघड झाला, हे कोणी नाकारत नाही. आफ्रिकेतील मोठ्या खाणकंपन्या माणिक आणि पन्ना आता मोठ्या लिलावांत विकतात. लहान व्यापाऱ्याची ती ऐपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि जयपूर-मुंबईच्या निर्यातदारांची झोप उडाली. पुढे ते शुल्क खाली-वर होवो, एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका मात्र दिसून गेला. घरोघरी मोबाइलवर खडे विकणारे आहेत, त्यांच्याशी भावाची स्पर्धा नगरच्या सराफाला जमणार नाही. बिलावर ‘ओपल, नैसर्गिक, इथिओपिया, प्रक्रिया नाही’ किंवा ‘ओपल, कृत्रिम’ असे स्पष्ट लिहून, खड्याचे वजन सोन्याच्या वजनातून वेगळे दाखवून, सही करून देणे त्याला जमेल. मोबाइलवरचा विक्रेता सही करीत नाही, आणि तक्रार घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसताही येत नाही.

नेवासे फाट्यापुढे थोड्या अंतरावर प्रवरासंगम. टोके येथील जुन्या दगडी मंदिरांचे घाट, समोर प्रवरा गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्र उतरले की वाळूत गोटे उघडे पडतात. यात्रेला आलेली मुले ओले गोटे उचलतात. लालसर, मधाळ, पट्ट्यापट्ट्यांचे, काही अकिकाचेही. हातात असेतोवर ते झळकतात. शंभर पावले चालून वाहनतळापर्यंत येईतो वारा आणि ऊन त्यांना कोरडे करतात, आणि बरेचसे गोटे तेथेच टाकले जातात. रंगीत खड्यांच्या बाजारात मुरलेली माणसे कच्च्या ओपलच्या पुडीवर भाव बोलण्याआधी एक गोष्ट नेहमी करतात. दाखवणाऱ्याने ओंजळभर पाण्यात ठेवलेले खडे ती बाहेर काढतात, स्वच्छ फडक्यावर पसरतात, दुसरे काहीतरी बोलत बसतात, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत त्यांच्याकडे पाहत नाहीत.